कोपऱ्यातले तारे लांबट का येतात? सेन्सरचा टिल्ट शोधण्याची आणि काढण्याची पद्धत

मागच्या डिसेंबरात सारथी तारकासमूहातल्या एम ३८ या तारकागुच्छाचा फोटो घेतला होता. पूर्ण चौकट पाहताना तो छान वाटत होता. मग दोनशे टक्के मोठा करून एकेक कोपरा तपासायला घेतला. मध्यभागी तारे मोहरीच्या दाण्यासारखे गोल, खाली डावीकडेही बरे, आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात जिरं सांडल्यासारखं दिसत होतं. तिथला प्रत्येक तारा लांबट, एकाच बाजूला कललेला आणि पुसट. दोन तासांचं एक्स्पोजर होतं, गाइडिंगचा (दुर्बीण ताऱ्यामागे अचूक फिरवत ठेवण्याचा) आलेख शांत होता, फोकस दर तासाला तपासला होता. तरीही चौकटीचा पाव भाग हातचा गेला.

असा कोपरा दिसला की हात आपोआप टिल्ट प्लेटच्या, म्हणजे कॅमेऱ्याचा कल बदलणाऱ्या चकतीच्या, स्क्रूकडे जातो. माझी कळकळीची विनंती आहे, तो हात आवरा. लांबट तारा हे लक्षण आहे आणि त्यामागे पाच-सहा वेगवेगळी कारणं असू शकतात. सेन्सर तिरका बसलेला असणं हे त्यातलं एक. दोष कोणत्या भागाचा हे कळण्याआधी स्क्रू फिरवला तर एका चुकीवर दुसरी चढते आणि मूळ चूक सापडेनाशी होते.

उदाहरणासाठी माझाच संच घेतो. ८० मिमी व्यासाची एफ/६ अपवर्तक दुर्बीण आणि ०.८ चा रिड्यूसर (नाभीय अंतर कमी करणारं भिंग), म्हणजे ३८४ मिमी नाभीय अंतर आणि एफ/४.८. कॅमेऱ्यात सोनीचा आयएमएक्स ५७१ सेन्सर आहे. तो २३.५ बाय १५.७ मिमीचा, पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचे, कर्ण साधारण २८ मिमी.

इतक्याशा तिरकेपणाने काय बिघडतं

फोकस म्हणजे एक बिंदू असं आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात त्याला थोडी मुभा असते. तेवढ्या जाडीच्या थरात सेन्सर कुठेही असला तरी तारा तितकाच टोकदार येतो. या मुभेचं नेहमीचं सूत्र असं: ४.८८ गुणिले प्रकाशाची तरंगलांबी गुणिले एफ-संख्येचा वर्ग. हिरव्या प्रकाशासाठी तरंगलांबी ०.५५ मायक्रॉन धरली तर एफ/७ ला १३१ मायक्रॉन मिळतात, एफ/४.८ ला ६२, एफ/४ ला ४३ आणि एफ/२ ला जेमतेम ११.

प्रिंटरचा साधा कागद साधारण १०० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे एफ/४.८ च्या दुर्बिणीवर कॅमेऱ्याच्या एका बाजूला अर्ध्या कागदाएवढी फट राहिली तरी मुभा जवळपास संपली. एफ/१० च्या दुर्बिणीवर छोटा सेन्सर लावणाऱ्यांना टिल्ट हा शब्दच माहीत नसायचा, त्याचं कारण हेच. आयएमएक्स ५३३ सारख्या १६ मिमी कर्णाच्या चौकोनी सेन्सरवर तोच कोन असेल तर कोपऱ्यांतला फरकही जवळजवळ निम्मा होतो. वेगवान दुर्बीण आणि मोठा सेन्सर एकत्र आले की मात्र सुटका नाही.

चाचणीच्या फ्रेम कशा घ्यायच्या

चाचणीसाठी ताऱ्यांनी भरलेला आणि डोक्यावर असलेला भाग निवडा. महाराष्ट्रातून हिवाळ्यात सारथी उत्तम. पुण्याच्या अक्षांशावर तिथला एम ३७ हा तारकागुच्छ मध्यमंडळावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) येतो तेव्हा ७६ अंशांवर असतो. दिवाळीच्या सुमारास संध्याकाळी हंस घ्या. शर्मिष्ठा मोहक असली तरी इथून ती ४८-५० अंशांच्या वर फारशी चढत नाही आणि तेवढ्या उंचीवर हवेचा त्रास जास्त. क्षितिजाजवळचा भाग तर चाचणीसाठी घेऊच नका.

दुर्बीण बाहेर ठेवून तासभर थंड होऊ द्या. फोकस चौकटीच्या मध्यावर करा. नॅरोबँड (ठरावीक रंगाचाच प्रकाश सोडणारा) फिल्टर काढा किंवा ल्युमिनन्स (सगळा दृश्य प्रकाश सोडणारा) लावा, गेन (सेन्सरची संवेदनशीलता) वाढवा आणि पाच-पाच सेकंदांच्या दहा फ्रेम घ्या. लगेच त्याच जागी १२० सेकंदांच्या तीन. त्या एकत्र रचू नका, सुट्या पाहा.

पाच सेकंदांत तारे गोल आणि १२० सेकंदांत लांबट, तेही मध्यासकट सगळीकडे एकाच दिशेला, असं दिसलं तर सेन्सर निर्दोष आहे. माउंट (दुर्बीण फिरवणारी बैठक), गाइडिंग, वारा किंवा लोंबणारी केबल यांच्याकडे बघा. लांबी विषुवांशाच्या (पूर्व-पश्चिम) दिशेत असेल तर माउंटच्या गिअरचा संशय घ्या. लांब फ्रेममध्ये तारे कमानीसारखे ओढलेले आणि ती कमान गाइड ताऱ्याभोवती फिरलेली दिसली तर पोलर अलाइनमेंट (माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखणं) कच्चं आहे. आपल्याकडे ध्रुव जेमतेम १८-१९ अंशांवर असतो, डोंगराआड किंवा धुरकटात लपतो, त्यामुळे ही चूक सहज राहून जाते.

पाच सेकंदांच्या फ्रेममध्येही कोपरे बिघडलेले असतील तरच पुढे जायचं.

कोपरे वाचायला शिका

नऊ तुकडे शेजारी ठेवून पाहायचे: चार कोपरे, चार कडांचे मध्य आणि चौकटीचा मध्य. सिरिल या फोटो-प्रक्रियेच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे, पिक्सइनसाइटमध्येही आहे. सिरिल आणि ॲस्टॅप दोन्ही मोफत आहेत आणि दोन्ही टिल्टचा चौकोन काढून देतात. तो चौकोन एका बाजूला दबलेला दिसतो तेव्हा समजायला सोपं जातं. तरी आधी डोळ्यांनी पाहा, आकडा नंतर.

चारही कोपरे सारखेच खराब आणि मध्य चांगला असेल तर प्रश्न बॅकफोकसचा आहे, म्हणजे फ्लॅटनर (कडांपर्यंत फोकस सपाट ठेवणारं भिंग) किंवा रिड्यूसरपासून सेन्सरपर्यंतच्या अंतराचा. बहुतेक फ्लॅटनरना ५५ मिमी हवे असतात. तारे केंद्राकडे तोंड करून लांबले असतील तर बहुधा अंतर कमी पडतंय. केंद्राभोवती फेर धरल्यासारखे दिसत असतील तर बहुधा जास्त झालंय. 'बहुधा' मुद्दाम म्हणतो, काही करेक्टरमध्ये हे उलटं असतं. अर्ध्या मिमीचा स्पेसर (अंतर वाढवणारी कडी) घालून पाहिला की पाच मिनिटांत उत्तर मिळतं. फिल्टरच्या काचेचा हिशोब विसरू नका. २ मिमी काच फोकस सुमारे ०.७ मिमी मागे ढकलते, म्हणून स्पेसरमध्येही तेवढी भर हवी.

एक कोपरा किंवा एक कड खराब आणि समोरची चांगली, किंवा एका बाजूचे तारे केंद्राकडे तोंड केलेले आणि समोरच्या बाजूचे फेर धरलेले, ही टिल्टची खूण.

मध्यासकट सगळे तारे फोकसच्या आत एका दिशेला लांब आणि फोकसच्या बाहेर काटकोनात लांब होत असतील तर तो भिंगाचा दृष्टिवैषम्य दोष. तारे तिकोनी दिसत असतील तर भिंग किंवा आरसा त्याच्या बैठकीत आवळला गेलाय, आणि थंडीत ते वाढतं. न्यूटोनियन (आरशांची) दुर्बीण असेल तर सगळ्यात आधी कॉलिमेशन, म्हणजे आरसे एका रेषेत आणणं. ते बिघडलेलं असताना टिल्ट मोजणं म्हणजे वेळ घालवणं आहे.

दोष कॅमेऱ्याचा की दुर्बिणीचा

आता कॅमेरा त्याच्या अक्षाभोवती ९० अंश फिरवा, पुन्हा फोकस करा आणि पुन्हा पाच सेकंदांच्या फ्रेम घ्या.

खराब कोपरा चित्रात त्याच जागी राहिला, वरचा उजवा तो वरचा उजवाच, तर दोष कॅमेऱ्यासोबत फिरलाय. म्हणजे तो फिरणाऱ्या सांध्याच्या कॅमेऱ्याकडच्या बाजूला आहे. कोपरा चित्रात सरकला तर दोष दुर्बिणीच्या बाजूला: फोकसर (फोकससाठी नळी आत-बाहेर सरकवणारा भाग), भिंगाची बैठक, कॉलिमेशन. सांधा कुठे आहे ते नीट बघा. तो फ्लॅटनरच्या पुढे, म्हणजे भिंगाकडे असेल तर फ्लॅटनरही कॅमेऱ्यासोबत फिरतो, आणि 'जागी राहिला' या निकालात तोही आरोपी ठरतो.

दुसरी चाचणी गुरुत्वाकर्षणाची. ही मी टाळली होती आणि त्यापायी तीन रात्री गेल्या. पूर्वेकडे वस्तू असताना स्क्रू फिरवून चारही कोपरे गोल केले, समाधानाने रात्रभर फोटो घेतले. वस्तू मध्यमंडळ ओलांडते तेव्हा दुर्बीण माउंटच्या दुसऱ्या बाजूला उलटवतात, त्या मेरिडियन फ्लिपनंतरच्या सगळ्या फ्रेममध्ये समोरचा कोपरा खराब. पुन्हा स्क्रू फिरवले, पुन्हा तेच. तिसऱ्या रात्री बॅटरीच्या उजेडात कॅमेरा हाताने हळूच वर उचलून पाहिला, तर फोकसरची नळी अगदी केसभर हलली. ताण देणारा स्क्रू ढिला होता आणि वजनाने नळी खाली झुकत होती. फ्लिपनंतर कॅमेऱ्याची खालची बाजू वर येते, म्हणून चित्रातला खराब कोपराही उलटा होतो. सेन्सर खरोखरच तिरका असेल तर तो फ्लिपनंतरही चित्रात त्याच कोपऱ्यात दिसतो.

म्हणून पूर्वेला एक, पश्चिमेला एक, असे दोन संच घ्याच.

स्क्रूच्या आधी सांधे

दुर्बीण टेबलावर घ्या आणि कॅमेऱ्यापासून भिंगाकडे प्रत्येक सांधा हाताने तपासा. दोन-तीन स्क्रूंनी आवळलेली नळी असेल तर ती बदलून आट्यांची जोडणी करा. स्क्रूने आवळलेला सांधा दर वेळी वेगळ्या बाजूला दाबतो, त्याच्यावर केलेली दुरुस्ती एकाच रात्रीपुरती टिकते. आटे आणि स्पेसरच्या कडा मऊ ब्रशने झाडा. धुळीचा एक कण मध्ये अडकला तरी वीस-तीस मायक्रॉनचा फरक पडतो. फिल्टर ड्रॉवरचं चुंबकी झाकण नीट बसलंय का, केबल कॅमेऱ्याला एका बाजूला ओढत नाहीत ना, हे बघा. केबल दुर्बिणीच्या नळीला बांधून मग कॅमेऱ्याकडे सैल न्या.

यातच अनेकांचा प्रश्न सुटतो. सुटला नाही तर पुढचं.

मायक्रॉनमध्ये मोजा

मोटार असलेला फोकसर असेल तर काम सोपं. आधी एक पायरी म्हणजे किती मायक्रॉन ते स्वतः मोजा. फोकसर १००० पायऱ्या बाहेर न्या आणि नळी किती सरकली ते व्हर्नियरने बघा. माझ्याकडे ४ मिमी सरकली, म्हणजे पायरीला ४ मायक्रॉन.

मग चौकटीच्या मध्यासाठी आणि चारही कोपऱ्यांसाठी उत्तम फोकस कोणत्या आकड्यावर येतो ते वेगवेगळं नोंदवा. निना हे फोटो घेण्याचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर हॉकस फोकस या प्लगइनमधला अ‍ॅबरेशन इन्स्पेक्टर एकाच ऑटोफोकसमध्ये हे सगळं काढून देतो. हाताने करणार असाल तर नेहमी एकाच दिशेने आकड्यावर या, नाहीतर गिअरची ढिलाईच मोजली जाईल. तीनदा मोजा आणि सरासरी घ्या.

माझे आकडे असे आले: मध्य ८५१२, खालचा डावा कोपरा ८५०२, वरचा उजवा ८५२२. उरलेले दोन कोपरे ८५१२ च्या आसपास. समोरासमोरच्या कोपऱ्यांत २० पायऱ्यांचा, म्हणजे ८० मायक्रॉनचा फरक. मुभा ६२ ची. कोनात सांगायचं तर ०.१६ अंश, एका अंशाचा सहावा भाग.

कोपऱ्यांची सरासरी मध्याच्या आकड्याशी जुळली, तेव्हा प्रतिमेचं प्रतल सपाट आहे आणि बॅकफोकस ठीक आहे. सरासरी मध्यापासून लांब असती तर आधी स्पेसर बदलावा लागला असता. क्रम लक्षात ठेवा: आधी ढोबळ बॅकफोकस, मग टिल्ट, मग गरज पडली तर बॅकफोकसची बारीक दुरुस्ती.

दिशा अशी ठरते. ज्या कोपऱ्याला फोकसर जास्त बाहेर हवा, तो सेन्सरचा कोपरा दुर्बिणीच्या जास्त जवळ बसलाय, त्याला मागे न्यायचंय. माझ्या बाबतीत वरचा उजवा.

पण चित्रातला वरचा उजवा कोपरा म्हणजे कॅमेऱ्याचा नेमका कोणता? इथे सगळेच गोंधळतात, कारण काही सॉफ्टवेअर चित्र उभं उलटवून दाखवतात. कॅमेरा काढून घ्या, पांढऱ्या भिंतीकडे धरा आणि तोंडाशी एका बाजूने पोस्टकार्ड आडवं धरा. स्क्रीनवर जी बाजू काळवंडते ती त्या बाजूची. चारही बाजूंनी करून कॅमेऱ्याच्या अंगावर पेन्सिलने 'वर' आणि 'उजवा' लिहून टाका. मोजमाप ज्या सॉफ्टवेअरवर केलं त्याच सॉफ्टवेअरवर हे करायचं.

स्क्रू किती फिरवायचा

टिल्ट प्लेटमध्ये सहसा तीन जागी जोडीने स्क्रू असतात. एक ओढणारा, तो प्लेट कॅमेऱ्याला आवळतो. एक ढकलणारा, तो फट उघडतो. समजा हे तीन बिंदू मध्यापासून ३५ मिमीवर आहेत. मग एका बिंदूपासून समोरच्या दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषेचं अंतर ३५ च्या दीडपट, ५२.५ मिमी. सेन्सरवर २८.३ मिमीत ८० मायक्रॉनचा फरक, तर ५२.५ मिमीत १४८. एम ३ स्क्रूचे आटे फेऱ्याला अर्धा मिमी पुढे जातात, म्हणून ०.३ फेरा, सुमारे १०८ अंश. खराब कोपरा बरोबर एका बिंदूच्याच दिशेला येत असेल तेव्हाचा हा हिशोब. दोन बिंदूंच्या मध्ये येत असेल तर त्या दोघांत वाटून द्या.

प्रत्यक्षात हिशोबाच्या दोन-तृतीयांशच फिरवा आणि पुन्हा मोजा. आधी ओढणारा स्क्रू सैल करा. ॲलन कीला पहिल्यांदा 'टक्' असं जाणवतं आणि मग ती हलकी होते, तिथे थांबा. आता ढकलणारा हवा तेवढा फिरवा. कीच्या लांब दांड्यावर मार्करने खूण केली तर कोन डोळ्याला दिसतो. मग ओढणारा पुन्हा आवळा, बोटांच्या जोराने, मनगटाच्या नाही. ॲल्युमिनियममधले एम ३ चे आटे घासले की कॅमेऱ्याचं अंगच बदलावं लागतं. तीनपैकी एक बिंदू आधार म्हणून कायम ठेवा, त्याला शेवटपर्यंत हात लावू नका. तिन्ही फिरवत बसलात तर सेन्सर सगळाच मागेपुढे सरकतो आणि बॅकफोकसही हलतो.

टिल्ट प्लेट नसेल तर शिम, म्हणजे फटीत बसणारी पातळ पट्टी, घाला. घरातली ॲल्युमिनियम फॉइल या कामाला फार उपयोगी आहे, तिच्या खोक्यावर ११ किंवा १८ मायक्रॉन असं छापलेलं असतं. गॅरेजमध्ये मिळणाऱ्या फिलर गेजची पाती जाड शिमसाठी चांगली. कागद वापरू नका. कोकणातल्या दमट हवेत तर नाहीच, तो फुगतो आणि महिन्याभरात आकडा बदलतो. शिम आट्यांत घालायची नसते. दोन सपाट कडा स्क्रूने जुळतात तिथेच ती चालते.

पावसाळ्यातलं काम

आपल्याकडे जून ते सप्टेंबर दुर्बीण झाकलेलीच असते. त्या काळात सेन्सर कॅमेऱ्याच्या तोंडाशी समांतर आहे का, हे घरात तपासता येतं. लाकडी फळीवर कॅमेऱ्याची कड टेकवायला जागा करा, अशी की कॅमेरा फिरवला तरी त्याची बैठक सरकू नये. १ मिलिवॅटपेक्षा कमी ताकदीचा लेझर तिरका सेन्सरवर सोडा आणि परावर्तित ठिपका तीन मीटरवरच्या भिंतीवर पाहा. एक ठिपका संरक्षक काचेचा असतो. सेन्सरचा ठिपका ओळखायला सोपा, पिक्सेलच्या जाळीमुळे त्याच्याभोवती ठिपक्यांची रांगोळी पडते. त्यातला मधला, सर्वांत ठळक तो आपला.

आता कॅमेरा सावकाश फिरवा. ठिपका जागेवर थांबला तर सेन्सर सरळ. वर्तुळ काढू लागला तर तिरका. ०.१६ अंशाच्या टिल्टला तीन मीटरवर साधारण ३४ मिमी व्यासाचं वर्तुळ पडतं, ते भिंतीवर डोळ्यांना स्वच्छ दिसतं. वर्तुळ ४-५ मिमीवर आलं की थांबा. लेझर कुणाच्याही डोळ्यांच्या उंचीवर येणार नाही अशी मांडणी करा आणि घरात लहान मुलं असतील तर खोलीचं दार लावून घ्या.

या पद्धतीने फक्त कॅमेऱ्याचं अंग सुधारतं. पुढचे स्पेसर, फ्लॅटनर आणि फोकसर यांचा तिरकेपणा ताऱ्यांवरच कळतो. तरी ऑक्टोबरची पहिली स्वच्छ रात्र आली तेव्हा माझं निम्मं काम आधीच झालेलं होतं.

कुठे थांबायचं

ताऱ्याचा लांबटपणा मोजणारी विकेंद्रता साधारण ०.४२ पर्यंत असेल तर डोळ्याला तारा गोलच दिसतो. माझ्या संचात मोजणी-दुरुस्तीच्या तीन फेऱ्यांनंतर कोपऱ्यांतला फरक ८० वरून २० मायक्रॉनवर आला आणि मी ॲलन की पेटीत ठेवली. मुभेच्या एक-तृतीयांशात आल्यावर पुढचा प्रत्येक प्रयत्न हवेच्या थरथरीतच हरवतो.

ब्लरएक्सटर्मिनेटरसारखी फोटो सुधारणारी सॉफ्टवेअर साधनं लांबट तारे बऱ्यापैकी गोल करून देतात आणि मीही ती वापरतो. पण पसरलेल्या कोपऱ्यात जे मंद तारे पार्श्वभूमीत विरघळून गेले त्यांना ती परत आणू शकत नाहीत. एम ३८ च्या त्या कोपऱ्यात असे कितीतरी होते, ते दुरुस्तीनंतरच्या फ्रेममध्ये पहिल्यांदा दिसले.

सगळं जमल्यावर प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून प्लेटवर जाणारी नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा. प्रवासात स्क्रू सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते. वहीत तारीख, तापमान, स्पेसरची मापं आणि पाचही फोकस-आकडे लिहून ठेवा, आणि पुढच्या अमावास्येला दुर्बीण लावल्यावर पहिली पाच मिनिटं त्याच चार कोपऱ्यांना द्या, फ्लिपच्या आधी एकदा आणि नंतर एकदा.